पाठीवरची शेवंती

कॉय स्ट्रिब्लिंगने दार उघडलं ते 'नाही' म्हणायच्या तयारीनेच. मार्च महिन्यापासून दारात येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगत आला होता. वेल्डा झोपलीय. वेल्डाला बरं नाही. वेल्डा कुणाला भेटत नाही. चर्चमधल्या बायका झाकलेली भांडी घेऊन यायच्या. तो भांडी ठेवून घ्यायचा आणि बायकांना उंबऱ्यावरूनच वाटेला लावायचा.

आज दारात ओन्तिवेरोसांची धाकटी उभी होती. मारिसेला. शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवणारी, यंदा शेवटच्या वर्षाला असलेली. डोळे रडून सुजलेले, केसांत वाऱ्याने आणलेली लाल माती. मागे रस्त्यावर तिच्या आईची जुनी गाडी चालूच होती. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नव्हता.

"मिस्टर कॉय, मिस वेल्डा आहेत का घरात?"

"आहे. पण झोपलीय."

"मग मी गाडीत थांबते."

"पोरी, ती आता शेवंत्या करत नाही. तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे हो," मारिसेला म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाकडे जाऊ?"

टॉलिव्हर गावात होमकमिंगच्या, म्हणजे शाळेचे जुने विद्यार्थी फुटबॉलचा सामना पाहायला गावी परततात त्या शुक्रवारी पोरीच्या छातीवर शेवंती नसणं म्हणजे नवरीने मुंडावळ्यांशिवाय बोहल्यावर चढणं. ही बागेतली शेवंती नव्हे. ही रेशमी, जेवणाच्या ताटाएवढी, आणि तिच्याखाली गुडघ्यापर्यंत लोंबणाऱ्या फिती, फितींच्या वेण्या, वेण्यांना घुंगरं, एखादं अस्वलाचं कापडी पिल्लू, आणि चमचमत्या अक्षरांत नाव नि वर्ष. खालच्या वर्गातल्या पोरी शाळेच्या रंगाची, मरून शेवंती लावायच्या. शेवटच्या वर्षाच्या पोरींना मात्र पांढरी नि चंदेरी. ही शेवंती पोरीला सोबत नेणाऱ्या मुलाने द्यायची, म्हणजे मुलाच्या आईने करून किंवा करवून द्यायची. आणि करवून घ्यायची तर वेल्डा स्ट्रिब्लिंगकडून. अडतीस वर्षं हे असंच चाललं होतं. एकेका मोसमात पंचवीस-तीस शेवंत्या तिच्या मागच्या खोलीतून बाहेर पडायच्या.

मार्चमध्ये एका सकाळी चर्चच्या पायरीवर वेल्डा कोसळली. झटका मेंदूच्या डाव्या बाजूला बसला. उजवा हात गेला, उजवा पाय फरफटायला लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आणि शब्द गेले. समजायचं तिला सगळं. पण जिभेवर यायचे ते मोजून चार शब्द. हो, नाही, अरे देवा, आणि मेल्या. हा चौथा कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या बाईने आयुष्यात कधी कुणाला मेल्या म्हटलं नव्हतं. आता ती कॉयला दिवसातून दहादा म्हणायची.

"ब्रॅन्सनच्या आईने माझी शेवंती ॲबिलीनच्या दुकानातून करवली होती," मारिसेला नाक ओढत सांगत होती. "आणि परवा ब्रॅन्सनने होमकमिंगला येतेस का म्हणून दुसऱ्याच मुलीला विचारलं. शेवंतीवर माझं नावसुद्धा लिहिलेलं होतं, मिस्टर कॉय! ते खरवडून काढलं म्हणे त्यांनी."

"गाढव आहे ब्रॅन्सन."

"ते सगळ्यांना माहीत आहे. पण सहा दिवसच राहिलेत."

कॉयने डोक्यावरची हॅट काढली, पुन्हा घातली. "पोरी, माझं ऐक..."

आतून थाडकन आवाज आला. मग पुन्हा थाड. वेल्डा जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि डाव्या हाताने चमचा टेबलावर आपटत होती.

"हो!" ती ओरडली. "हो! हो!"

कॉय आत गेला. "अगं, सहा दिवस आहेत. करणार कोण?"

वेल्डाने चमचा उचलून त्याच्याकडे रोखला.

"मी? मी खोगिरं करणारा माणूस आहे. मला काय कळतं त्यातलं?"

"मेल्या," वेल्डा म्हणाली. एवढ्यावर विषय संपला.

मागच्या खोलीत कॉय आजवर कधी बसला नव्हता. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिथं तो फक्त डोकावला होता, तेही जेवण कधी मिळणार हे विचारायला. दर वर्षी सप्टेंबरपासून वेल्डा या खोलीत आणि तो मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चामड्याच्या वासात. आता रविवारी दुपारी त्याने दार लोटलं तेव्हा भिंतीवर फितींची शेकडो रिळं ओळीने लावलेली दिसली. घुंगरांच्या बरण्या होत्या. एका पेटीत नुसती अस्वलं होती, सगळी तोंड वर करून पडलेली.

वेल्डा चाकाच्या खुर्चीत बसून बोट दाखवत होती. हे नाही. ते नाही. त्याच्या शेजारचं. हो.

"ही दोन्ही पांढरीच आहेत की," कॉय म्हणाला.

"अरे देवा," वेल्डा म्हणाली.

सोमवारी शाळेतली पोरं रात्रीच्या कपड्यांत शाळेला गेली, कारण होमकमिंगच्या आठवड्याचा सोमवार तसाच असतो. पेट्रोल पंपावर कॉयला चौकड्यांचा लेंगा घातलेला, मांजराच्या तोंडाच्या चपला घातलेला मुख्याध्यापक भेटला आणि दोघांनी गंभीरपणे हवामानावर गप्पा मारल्या. मुख्य रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांवर मुलांनी पांढऱ्या रंगाने हरणं काढली होती. शाळेचा संघ म्हणजे हरणं. औषधाच्या दुकानावरचं हरीण गाढवासारखं आणि बँकेवरचं कुत्र्यासारखं दिसत होतं. पण सगळीकडे खाली लिहिलेलं एकच: 'पळा हरणांनो, पळा!'

घरी येऊन कॉयने दीड तासात चार हात फीत वाया घालवली. वेणी पडायची, पण सैल. गरम गोंदाने दोन बोटं भाजली. वेल्डाने प्रत्येक वेणी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि खाली टाकली.

"नाही."

"आता काय नाही?"

"नाही."

"अगं, कुणाला दिसणार आहे ते?"

"नाही!"

"मग तूच कर ना!" कॉय ओरडला.

शब्द तोंडातून निघून गेले होते. वेल्डाने मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाचा हात इथं कुणी विसरून गेलंय अशा नजरेने.

कॉय उठला, शेडमध्ये गेला. समोर खुंटीवर त्यानेच विणलेले लगाम लटकत होते. चार पदरी, सहा पदरी, आठ पदरी. त्यातला एक काढून त्याने हातात धरला. मग तो परत आला, टेबलापाशी खाली बसला आणि म्हणाला, "चुकलं माझं. हे बघ. अशी विणू का? लगामासारखी?"

वेल्डाने लगाम बोटांनी चाचपला. बराच वेळ. मग फितीचं टोक तिने उचललं, आपल्या दातांत घट्ट धरलं आणि मान मागे घेऊन फीत ताणली.

वेणी सैल पडत होती कारण दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. एवढंच ती तासभर सांगत होती.

त्यानंतर काम सुरू झालं. वेल्डा दातांत टोक धरायची, कॉय समोर बसून विणायचा. विणता विणता दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर उरायचं. इतक्या जवळून, इतका वेळ, त्यांनी एकमेकांकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्या भुवईत एक लांब पांढरा केस होता. तो केव्हापासून होता कोण जाणे. तिच्या ओठांच्या ओढलेल्या कोपऱ्यातून थोडी लाळ फितीवर ओघळली तेव्हा ती लाजून मान वळवू लागली. कॉयने शर्टाच्या बाहीने ती टिपली आणि विणत राहिला.

मंगळवारी संध्याकाळी जो बेथ आली. जो बेथ लस्क शाळेच्या कचेरीत कामाला होती आणि शाळेपासून वेल्डाची मैत्रीण. दर मंगळवारी ती यायची. एकटी तीच अशी, की कॉयच्या 'नाही'ला भीक न घालता सरळ आत शिरायची.

"हे काय चाललंय?" ती दारातच थबकली. "कॉय स्ट्रिब्लिंग फिती विणतोय? थांब, फोटो काढते. पशुखाद्याच्या दुकानातल्या फळ्यावर लावते."

"लाव. पण आधी ते घुंगरू दे."

"शुक्रवारी येणार ना गं?" जो बेथने वेल्डाला विचारलं. "आपल्या वर्गातले पाच जण येतायत. डॅलसहून, ओक्लाहोमाहून. सगळे तुझं नाव काढतात."

वेल्डाने मान फिरवली. "नाही."

"अगं, नुसतं बसायचं. घोषणा द्यायच्या नाहीत की नाचायचं नाही."

"नाही," वेल्डा म्हणाली आणि डाव्या हाताने आपलं वाकडं तोंड झाकलं.

जो बेथने आपली पिशवी उचलली. जाताना फाटकापाशी कॉयला म्हणाली, "शाळेत असताना ही संघासाठी घोषणा द्यायला उभी राहिली की पलीकडच्या गावचे लोक कानात बोटं घालायचे."

"मला सांगतेस होय?" कॉय म्हणाला. "मी पलीकडच्याच गावचा."

बुधवारी शाळेत म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा दिवस होता. सगळी पोरं आजी-आजोबा होऊन आली होती. मारिसेला शाळा सुटल्यावर मापं द्यायला तशीच थेट आली: केसांत पीठ, नाकावर बिनकाचेचा चष्मा, आईचा ढगळ झगा आणि हातात काठी. मागच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा तिला समोर चाकाची खुर्ची दिसली, खुर्चीला टेकवलेली खरी काठी दिसली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मिस वेल्डा, मी... मला आधी कपडे बदलायला हवे होते. माझ्या लक्षातच..."

वेल्डा तिच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहत राहिली. मग तिने हात पुढं करून पोरीच्या हातातली काठी घेतली आणि स्वतःची खरी काठी तिला दिली. बोटाने खूण केली: चाल.

मारिसेला दोन पावलं चालली. वेल्डाने मान हलवली. नाही. पाय असा नाही. फरफटायचा. खांदा खाली. मारिसेलाने पाय फरफटला. वेल्डाने अगदी बारकाईने तपासलं, जशी वेणी तपासायची तसं, आणि म्हणाली, "हो."

आणि मग हसायला लागली. हसू एका बाजूनेच येत होतं, पण आवाज पुरा होता, पोटातून आलेला. मार्चपासून कॉयने तो ऐकला नव्हता. तो गोंदाची बंदूक हातात घेऊन तसाच उभा राहिला आणि गोंद त्याच्या बुटावर ठिबकत राहिला.

शेवंती अंगाला लावून पाहिली. वर पांढरं मोठं फूल, खाली चंदेरी वेण्या, आठ पदरी, लगामाच्या विणीच्या. अशा वेण्या टॉलिव्हरमध्ये कधी कुणी पाहिल्या नव्हत्या. मारिसेला आरशासमोर उभी राहिली. घुंगरं हळूच हलवून पाहिली.

"एकच आहे," ती शेवटी चाचरत म्हणाली. "ड्रम."

"ड्रमचं काय?"

"ड्रम इथं येतो." तिने छातीखाली हात ठेवला. "फुलावरच बसेल. सामन्याच्या मध्यंतरात आम्ही मैदानात वाजवतो तेव्हा काढून ठेवावी लागेल. मग परत लावणार कोण? टाचण्यांनी तर अंगभर भोकं पडतात."

वेल्डाने कॉयकडे पाहिलं. कॉयने फुलाकडे, मग पोरीच्या खांद्यांकडे.

"खोगीर घोड्याच्या पाठीवर बसतं," तो सावकाश म्हणाला, "तर फूल पोरीच्या पाठीवर का नाही बसणार?"

गुरुवारी त्याने शेडमध्ये बसून पट्टा केला. मऊ पांढरं चामडं, दोन्ही खांद्यांवरून जाणारं, बाजूला दोन पितळी बकलं. बकलं सोडून पट्टा फिरवला की छातीवरची शेवंती पाठीवर जायची, पुन्हा फिरवला की छातीवर. इतका हलका पट्टा त्याने जन्मात केला नव्हता. संध्याकाळी मैदानामागे होमकमिंगची मोठी शेकोटी पेटली, पोरांच्या आरोळ्या घरापर्यंत ऐकू येत होत्या, आणि वेल्डा खिडकीपाशी बसून पट्ट्याच्या कडा बोटांनी तपासत होती. एका जागी थांबून तिने त्याला दाखवलं. एक टाका सुटला होता. कॉयने मुकाट्याने घातला.

शुक्रवारी शाळेआधी मारिसेला आली. पट्टा अंगात घातला, उड्या मारून पाहिल्या, गिरकी घेऊन पाहिली. मग वेल्डासमोर येऊन गुडघ्यांवर बसली.

"मिस वेल्डा, तुम्ही आज यायलाच हवं."

"नाही."

"ऐका तरी. आईची संध्याकाळची पाळी आहे, तिला सुट्टी मिळाली नाही. ही बकलं बाजूला आहेत, मला माझी मला लावता येत नाहीत. मध्यंतराच्या आधी फूल मागे फिरवायचं आणि नंतर पुढे. बँडच्या बाकांशेजारी कुणीतरी बसायला हवं ज्याला हे कळतं."

वेल्डाने कॉयकडे बोट दाखवलं.

"मिस्टर कॉय मला बकल लावणार? सगळ्या शाळेसमोर?" मारिसेलाने डोळे मोठे केले. "जिवंतपणी मेले मी."

कॉय खोकला. वेल्डाने डावा हात पुढे करून एक बकल काढलं. पुन्हा लावलं. दुसरं काढलं. एका हाताने, अंगठ्याने चामडं दाबून, पुन्हा लावलं. बाहेर शाळेची घंटा झाली आणि पोरगी जागची हलली नाही.

"हो," वेल्डा म्हणाली.

त्या संध्याकाळी टॉलिव्हरला गाड्या लावायला जागा नव्हती. एरवी आठशे वस्तीचं गाव. आज गाव सोडून गेलेले सगळे आले होते, टकलं पडलेली, पोटं सुटलेली, नातवंडं कडेवर घेतलेली. कॉयने वेल्डाची खुर्ची बँडच्या बाकांशेजारी नेऊन लावली. तिने मरून ब्लाऊज घातला होता आणि लिपस्टिक लावली होती. ती वाकडी झाली होती. कॉयने ती आपल्या अंगठ्याने सरळ केली होती, आणि अंगठा अजून लाल होता.

लोक यायला लागले. कॉय ताठ झाला. येणारा प्रत्येक जण वेल्डा बहिरी झाल्यासारखा मोठमोठ्याने बोलायचा. "कशी आहेस, वेल्डा? ओळखलंस का?" ती मान हलवायची, एका हाताने हात दाबायची. म्हातारे पाद्री वाकून म्हणाले, "वेल्डा, आम्ही रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

वेल्डाला आभार मानायचे होते. तिचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "मेल्या!"

आजूबाजूचं सगळं थिजलं. तिने हाताने तोंड झाकलं. पाद्री क्षणभर तसेच वाकून उभे राहिले आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. "चाळीस वर्षं," ते डोळे पुसत म्हणाले, "चाळीस वर्षं माझ्या प्रवचनांवर कुणीतरी खरं मत देईल याची मी वाट पाहत होतो." मग जो बेथ हसली, मग वर्गातले पाच जण, आणि डॅलसहून आलेल्या एकाने खुर्चीशेजारी बसकण मारून चिप्सच्या पाकिटात ओतलेली गरम चिली, खिम्याचा तिखट रस्सा, वेल्डापुढे धरली. "खा गं. अजून तशीच तिखटजाळ आहे."

खेळाचं म्हणाल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. टॉलिव्हरची शाळा एवढी लहान, की संघात सहाच जण खेळायचे, आणि त्या सहांतले दोघे लंगडत होते. पलीकडच्या संघात एक पोरगा होता तो चेंडू घेतला की वाऱ्यासारखा सुटायचा. "पळा हरणांनो, पळा!" लोक ओरडत होते, आणि हरणं पळत होती, पण बहुतेक वेळ त्या पोराच्या मागेच.

मध्यंतराआधी मारिसेला धावत आली, खुर्चीसमोर पाठ करून बसली. वेल्डाने पहिलं बकल काढलं. दुसरं अडकलं. बँडचे मास्तर हातातली छडी घेऊन वाट पाहत होते, मैदानात बाकीची पोरं रांगेत उभी होती. कॉयचा हात आपोआप पुढे झाला.

"नाही," वेल्डा म्हणाली, त्याच्याकडे न पाहता.

बकल सुटलं. फूल फिरलं. ते पुन्हा लागलं. मारिसेलाने ड्रम चढवला आणि मैदानात धावली. दिव्यांच्या उजेडात तिच्या पाठीवर पांढरी शेवंती, गुडघ्यांपर्यंत चंदेरी वेण्या, आणि प्रत्येक ठेक्याबरोबर घुंगरं. बाकीच्या पोरींच्या शेवंत्या बाकांवर काढून ठेवलेल्या होत्या. मैदानात फूल एकटीच्याच अंगावर होतं. बाकांवरून कुणीतरी शिट्टी मारली.

"बकलं बाजूला आहेत म्हणे, लावता येत नाहीत म्हणे," जो बेथ कॉयच्या कानाशी कुजबुजली. "बँडमध्ये आणखी अकरा पोरी आहेत. त्यांना हात नाहीत होय?"

कॉयने तिच्याकडे पाहिलं, मग मैदानातल्या पोरीकडे. "तोंड बंद ठेव, जो बेथ," तो म्हणाला.

तिसऱ्या सत्रात पलीकडचा संघ पंचेचाळीस गुणांनी पुढे गेला आणि नियमाप्रमाणे खेळ तिथंच थांबला. होमकमिंगला असं हरणं म्हणजे नाक कापलं जाणंच. पोरं मैदानाच्या मधोमध माना खाली घालून उभी राहिली. पण जिंको वा हरो, शेवटी शाळेचं गाणं म्हणायचं, ही रीत. हरणं बँडसमोर येऊन उभी राहिली, सगळं गाव उभं राहिलं, टोप्या निघाल्या. बँडने सूर धरला.

*माळावरती वारा वाहे, लाल मातीचे गाव,*
*टॉलिव्हर, गे टॉलिव्हर, हृदयी तुझे नाव;*

कॉय नुसताच उभा होता. तो पलीकडच्या गावचा, हे गाणं त्याने कधी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या ओळीपाशी त्याला कोपराशेजारून एक आवाज आला. खोल, किंचित खरखरीत, सुरात. त्याला वाटलं, ओक्लाहोमाहून आलेली ती बाई गातेय. त्याने खाली पाहिलं.

*दूर दूर जरी गेलो आम्ही, वाट न विसरू कधी,*
*दिवा तुझ्या दारातील आम्हां, दिसतो सर्वांआधी.*

वेल्डा गात होती. तोंड वाकडं होतं, ओठांचा एक कोपरा हलत नव्हता, पण शब्द येत होते, एकामागून एक, सगळे, जागच्या जागी. नाव. वाट. दिवा. सात महिन्यांत कॉयने तिच्या तोंडून 'दिवा' ऐकला नव्हता. 'दूर' ऐकला नव्हता. तिला स्वतःला ते कळलं तेव्हा तिचे डोळे मोठे झाले, पण ती थांबली नाही. थांबले तर जाईल, असं तिला वाटलं असावं. दुसरं कडवं लागलं, तेही तिने म्हटलं. मारिसेला ड्रम वाजवता वाजवता तिच्याकडे पाहत होती आणि तिचा ठेका चुकला, त्या सबंध आठवड्यात पहिल्यांदाच.

गाणं संपलं. कॉय गुडघ्यांवर बसला.

"वेल्डा. बोल. काहीतरी बोल."

तिने तोंड उघडलं. त्याच्याकडे पाहिलं. शोधलं.

"हो," ती म्हणाली. आणि रडायला लागली.

"असू दे," कॉय तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरत म्हणाला. "असू दे, असू दे. मी ऐकलंय. सगळ्यांनी ऐकलंय."

मारिसेला आली तेव्हा फूल अजून पाठीवरच होतं. कुणाच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

सोमवारी कॉयने ॲबिलीनला, वेल्डाला बोलायला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं. बोलणं मेंदूच्या एका बाजूला आणि गाणं बरंचसं दुसऱ्या. एक दार बंद झालं तरी दुसऱ्याने आत शिरता येतं कधीकधी. त्यांनी वेळ बदलून दिली, आठवड्यातून दोनदा या म्हणाल्या. चमत्कार होईल असं समजू नका, असंही म्हणाल्या.

चमत्कार झाला नाही. झाली ती मेहनत. घरात सगळं गाऊन चालायला लागलं. कॉयने कॉफी द्यायची तीही गाऊन, औषध द्यायचं तेही गाऊन. 'कॉफी हवी का, कॉफी', दोनच सूर, वर आणि खाली. आणि तिने मांडीवर डाव्या हाताने ठेका धरत उत्तर द्यायचं, 'कॉफी हवी, कॉफी.' शेडमध्ये खोगीर न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना आतून ही जुगलबंदी ऐकू यायची आणि ती टोपी हातात घेऊन अदबीने थांबायची. मारिसेला शनिवारी यायची, टेबलावर दोन काड्यांनी ठेका द्यायची, आणि तिच्या ठेक्यावर वेल्डाला शब्द लवकर सापडायचे.

नोव्हेंबर गेला, कापूस वेचून झाला. डिसेंबरच्या एका सकाळी बाहेर पहिलं दव गोठलं होतं. कॉय चुलीशी उभा राहून अंडी परतत होता आणि नेहमीप्रमाणे गात होता, 'अंडी हवी का, अंडी, दोन की तीन ते सांग', नव्या चालीवर. ती चाल त्याने स्वतः रचली होती आणि तिचा त्याला थोडा अभिमानही होता.

मागून उत्तर आलं नाही. त्याने मान वळवली. वेल्डा टेबलाशी बसून कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाहत होती. हात मांडीवर स्वस्थ होता, ठेका नव्हता. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"कॉय," ती म्हणाली. गाऊन नव्हे. साधं, सरळ, हळूहळू, एकेक शब्द वेचून ठेवल्यासारखं. "तुझा... सूर... चुकतो."

कॉयच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. अंडी करपायला लागली होती.

"त्रेचाळीस... वर्षं," वेल्डा म्हणाली.